पंखा डोक्याच्या उंचीवर, अल्पाका जमिनीवर: दमट उन्हाळ्यातले एक प्रकरण

आठ अल्पाकांचा कळप. अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळला जाणारा प्राणी. पैदाशीचा एक नर, चार माद्या, खच्ची केलेले दोन नर आणि वर्षाच्या आतले एक पिल्लू. सगळे हुआकाया, म्हणजे फुगीर आणि दाट लोकरीचे. माद्यांपैकी दोन गाभण, त्यातली एक दहा महिन्यांची. उन्हाळ्याची तयारी कुणालाही पुरेशी वाटावी अशी होती: पत्र्याची शेड, भिंतीवर दोन मोठे पंखे, पाण्याचे फवारे, डुंबायला एक उथळ टब, आणि कातरणीही झालेली. तरी दहा महिन्यांची गाभण असलेली गडद तपकिरी मादी एका सकाळी उठलीच नाही.

हे एखाद्या ठरावीक कळपाचे दप्तर नाही. उन्हाळ्यात अल्पाकांच्या शेडमध्ये ज्या चुका आणि जी लक्षणे हमखास एकत्र येतात, ती एका कळपावर मांडून हे प्रकरण उभे केले आहे.

काय दिसले

सकाळी नऊच्या सुमारास बाकीचा कळप गव्हाणीपाशी आला, ती आली नाही. पाय पोटाखाली दुमडून बसलेली, मान पुढे ताणलेली, नाकपुड्या फेंदारलेल्या, तोंड अर्धवट उघडे, खालचा ओठ लोंबलेला आणि हनुवटीवर लाळेची तार. गुदद्वारात थर्मामीटर लावल्यावर तापमान भरले 40.7 अंश सेल्सिअस. बरगड्यांची हालचाल मोजली तर मिनिटाला साठच्या वर श्वास. निरोगी प्रौढ अल्पाकाचे तापमान 37.5 ते 38.9 च्या दरम्यान असते आणि श्वास मिनिटाला 10 ते 30. आकडा 40 च्या वर गेला की पशुवैद्याला लगेच बोलवायचे. ‘दुपारपर्यंत बघू’ म्हणायची ही वेळ नव्हे.

उघड्या तोंडाला विशेष महत्त्व आहे. अल्पाकाच्या घशाची ठेवणच अशी, की तो जवळजवळ सगळा श्वास नाकानेच घेतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो ते त्याचे रोजचे काम असते. अल्पाकाने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली, तर प्रकरण बरेच पुढे गेले आहे असे समजावे.

ओठाची गोष्ट मात्र फसवी निघाली. तो आदल्या संध्याकाळीच लोंबलेला दिसला होता आणि मालकिणीने तो थुंकाथुंकीवर घातला. यात तिचा फारसा दोष नाही. अल्पाका भांडणात पोटातला आंबट, हिरवा ऐवज वर काढून थुंकतो, आणि त्यानंतर थुंकणाऱ्याचे स्वतःचेच तोंड विटते: ओठ लोंबतो, तोंड उघडे राहते, थोडा वेळ खाणे बंद. दिसायला तंतोतंत तेच. फरक ओळखायचा तो वासाने आणि वेळेने. थुंकाथुंकीनंतर तोंडाभोवती हिरवट चिकटा असतो, उग्र वास येतो, आणि काही वेळात जनावर पुन्हा चरायला लागते. या मादीच्या तोंडाला वास नव्हता, चिकटा नव्हता, आणि ओठ सकाळपर्यंत तसाच होता. उन्हाळ्यात लोंबलेला ओठ दिसला आणि आसपास भांडण झालेले नसेल तर थर्मामीटर काढावा. त्याला दोन मिनिटे पुरतात.

पहिला तास

तिला उठवून दुसरीकडे नेण्याचा मोह टाळला, हे पहिले चांगले काम. चालणे म्हणजे स्नायूंची आणखी उष्णता. ती होती तिथेच सावली होती, म्हणून सगळे तिच्यापाशी आणले. खच्ची नरांपैकी जो तिच्या अंगवळणी पडलेला होता, त्याला शेजारी उभा ठेवला. कळपापासून तोडलेला अल्पाका घाबरतो, आणि घाबरलेला अल्पाका आणखी तापतो.

पाणी कुठे मारायचे, इथे मतभेद झाला. मदतीला आलेल्या गड्याने सवयीने नळी पाठीवर धरली. पाठीवरून पाणी निथळते, लोकरीचा वरचा थर भिजतो, कातडीपर्यंत काहीच पोचत नाही. उलट आतली हवा कोंडते आणि जनावर ओल्या घोंगडीखाली बसल्यासारखे होते. अल्पाकाच्या अंगाची उष्णता बाहेर पडते ती पोटाच्या खालून, काखांतून, जांघांच्या आतल्या बाजूने आणि शेपटीखालून, कारण तिथे लोकर विरळ किंवा नसल्यातच जमा असते. त्याच्या मूळ मुलखात, अँडीज पर्वतातल्या 3,500 मीटरच्या वरच्या पठारांवर, हे सोयीचे असते. रात्री गारठ्यात पाय दुमडून बसले की या सगळ्या जागा झाकल्या जातात आणि ऊब आत राहते; दुपारी उभे राहिले की त्या उघड्या होतात आणि वारा खालून जातो. आजारी जनावर उठतच नाही, आणि उठत नाही म्हणून त्याच्या या वाटा बंदच राहतात. त्यामुळे तिला हळूच एका कुल्ल्यावर कलते करून दोघांनी आधार दिला आणि नळीची धार पोट, काख आणि जांघेत सोडली. पाणी गार होते, बर्फाचे नव्हते. ओल्या जागेवर वारा लागेल असा एक पंखा जमिनीवर ठेवला. पाणी आणि वारा एकत्र असतील तरच बाष्पीभवन नीट होते. नुसत्या पाण्याने आर्द्रता वाढते, नुसत्या वाऱ्याने दमट दिवशी फारसे काही होत नाही.

दर दहा मिनिटांनी तापमान घेतले. 39.5 च्या आसपास आल्यावर पाणी थांबवले, कारण त्यापुढे शरीर स्वतःच खाली येत राहते आणि अतिउत्साहाने ते नको तितके उतरू शकते. तोंडातून पाणी पाजायचा आग्रह कुणीतरी धरलाच. तो मोडून काढला. धाप लागलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जायचा धोका असतो. गार पाण्याचा एनिमा हा उपाय पशुवैद्य कधीकधी वापरतात, पण तो दिला की गुदद्वारातल्या थर्मामीटरचा आकडा निरर्थक होतो. म्हणून तो डॉक्टर येईपर्यंत राखून ठेवणेच बरे.

डॉक्टरांनी रक्त घेतले. पोटॅशियम कमी, प्रथिनेही कमी. उष्णतेने त्रासलेल्या अल्पाकांत या दोन्ही गोष्टी वारंवार दिसतात, आणि यामुळेच सलाइन भराभर चढवणे अंगाशी येऊ शकते. रक्तातली प्रथिने घटलेली असताना जास्त द्रव दिला तर तो फुप्फुसात उतरतो. सलाइन हळू, मापून दिले. डॉक्टरांना दुसरी काळजी होती ती यकृताची. शेवटच्या महिन्यांतली, अंगाने भरलेली मादी दोन दिवस खाल्ल्याशिवाय राहिली, तर शरीर चरबी मोडायला लागते आणि ती यकृतात साचते. ताप उतरूनही जनावर त्यात जाऊ शकते. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस ‘ताप किती’ याइतकाच ‘खाल्ले किती’ हा प्रश्न महत्त्वाचा राहिला. सोनोग्राफीत पोटातल्या पिल्लाचे हृदय चालू दिसले. संध्याकाळी तिने थोडे गवत तोडले.

38 अंशांना निभावले, 33 ला का बसली

मालकिणीला कोड्यात टाकणारी गोष्ट हीच होती. आदल्या आठवड्यात पारा 38 वर गेला होता आणि कळप ठणठणीत होता. त्यानंतर ढग आले, दुपारचा पारा 33 वर आला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग हे.

अल्पाका पाळणारे एक ढोबळ गणित वापरतात: फॅरनहाइटमधले तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. बेरीज 120 च्या खाली असेल तर चिंता नाही, 150 च्या आसपास सावध राहायचे, 180 च्या वर जिवाला धोका. आदल्या आठवड्यातले 38 अंश म्हणजे 100 फॅरनहाइट, हवा कोरडी, आर्द्रता 25; बेरीज 125. ढगाळ दिवशी 33 अंश म्हणजे 91, आर्द्रता 68, बेरीज 159. पारा खाली आला, धोका वर गेला.

पण मला यातली खरी मेख रात्रीत दिसते. कोरड्या आठवड्यात रात्री झकास गार होत होत्या. ढग आल्यावर रात्रीचा पारा 28 च्या खाली उतरेना, आर्द्रता 85 च्या घरात: 82 अधिक 85, म्हणजे 167. दुपारपेक्षाही जास्त. हे गणित कच्चे आहे हे खरे. त्यात ऊन नाही, वारा नाही, आणि रात्री डोक्यावर सूर्य नसतो हे त्याला कळत नाही. म्हणून 167 ची रात्र 167 च्या दुपारइतकी भाजते असे मी म्हणणार नाही. पण दिवसभर साठलेली उष्णता टाकायला जनावराला रात्र लागते, आणि ती त्या आठवड्यात मिळालीच नाही. पहिल्या रात्रीची थोडी बाकी, दुसऱ्या रात्रीची त्यात भर, आणि एका सकाळी हिशेब हाताबाहेर गेला. कळपात तीच का? पोटात पूर्ण वाढत आलेले पिल्लू आणि त्याची स्वतःची उष्णता, अंगावर जादा चरबी, उन्हात जास्त तापणारा गडद रंग. तिन्ही गोष्टी एकीच्याच वाट्याला आल्या होत्या.

गुडघ्यांवर बसून पाहिलेली शेड

शेड उभ्याने पाहिली तर चांगली वाटत होती. पंख्यांचा वारा चेहऱ्यावर लागत होता. मग एका काठीला लोकरीचा बारीक धागा बांधला आणि तो वेगवेगळ्या उंचीवर धरून पाहिला. डोक्याशी धागा आडवा उडत होता. कमरेशी नुसता हलत होता. जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे बसलेल्या अल्पाकाचे पोट असते, तिथे तो सरळ खाली लोंबत राहिला.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. शेडच्या तिन्ही बाजूंना खाली मीटरभर उंचीच्या फळ्या ठोकलेल्या होत्या, चौथ्या बाजूला रात्री फळीचाच दरवाजा लागायचा. भटक्या कुत्र्यांच्या भीतीने. ही भीती पोकळ नाही. अल्पाकाला खालच्या जबड्यात पुढचे दात असतात, वरच्यात नाहीत. कुत्र्यांच्या टोळीपुढे त्याचे काही चालत नाही. पण कुत्री अडवणाऱ्या फळ्यांनी वाराही अडवला होता, आणि तोही नेमका त्या उंचीवर जिथे तो हवा होता.

खाली गवताच्या काडाचा जाड थर होता. वरून कोरडा, हात खुपसला तर आत कोमट आणि ओलसर. थंडीत हा थर वरदान. उन्हाळ्यात पोटाखाली ठेवलेला शेगडीचा तुकडाच. पत्रा बुटका आणि मधे फट नसलेला, त्यामुळे तापलेली हवा वर जाऊन तिथेच अडकायची आणि पत्र्याची धग पाठीवर उतरायची.

फवारे छताला, पाणी पडायचे पाठीवर, तेही संध्याकाळी. भिजलेली लोकर रात्री वाळत नाही. मादीच्या पाठीवर लोकर बोटांनी फाकवली तेव्हा वरचा थर हाताला गार लागला आणि मुळाशी कातडीवर दमट वाफ जाणवली. वरून हात फिरवून ‘गार आहे की’ म्हणणाऱ्याला हे कधीच कळले नसते.

कातरणीचा प्रश्न वेगळाच निघाला. झाली होती, पण उन्हाळ्याच्या बरीच आधी, आणि ऐन दमट दिवसांपर्यंत लोकर चांगली चार बोटे वाढून आली होती. हुआकायाची लोकर वर्षाला साधारण 10 सेंटिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर. कातरणीची तारीख याच हिशेबाने ठरवायची. शिवाय गाभण म्हणून तिला जास्त हात लावायला नको, या काळजीने पाठ आणि बाजू कातरून पोटाकडची लोकर सोडून दिली होती. बाजूंची ती झालर खाली लोंबून काखा आणि जांघा झाकत होती. काळजी खरी होती, पण कातरायचे ते सोडले आणि सोडले तरी चालले असते ते कातरले.

पाण्याचा टब उथळ, उन्हात. त्यात उभे राहायला अल्पाकांना आवडते, पाय आणि पोट गार होते हे खरेच. पण पाण्यात पाय पडला की त्यांना तिथेच मलमूत्र करायची सवय असते, आणि कुणी त्यात बसून राहिले की पोटाची लोकर कुजते. पिण्याचे पाणी एकाच काळ्या प्लॅस्टिकच्या पात्रात, शेडच्या बाहेर. दुपारी ते अंघोळीच्या पाण्याइतके कोमट. पात्राशेजारी पैदाशीचा नर ठाण मांडून बसायचा, त्यामुळे दबकी जनावरे तिथे जायला कचरत.

सुरुवातीला सांगितलेल्या तयारीतले सगळे होते, ते असे.

काय बदलले

पहिले काम फळ्यांचे. खालच्या फळ्या काढून त्या जागी जाड तारेची जाळी बसवली, तळाशी जमिनीत गाडून. कुत्रे बाहेर, वारा आत. सगळ्यात जास्त फरक यानेच पडला असे माझे मत आहे, आणि पंख्याआधी पैसा खर्च करायचा तर इथे करावा. त्यानंतर भिंतीवरचे पंखे उतरवून जमिनीलगत, जाळीच्या बाहेरच्या बाजूने लावले. वायरी जनावरांच्या तोंडाला आणि पायाला लागणार नाहीत अशा. दोन दिवसांत कळपाने स्वतःच्या जागा ठरवल्या. पंख्यासमोर पाय लांब करून, कुशीवर कलून, पोट वाऱ्याकडे. बसायची ही तऱ्हा नवखा माणूस पाहील तर जनावर मेले की काय असे वाटते.

काड उपसून काढले आणि एका कोपऱ्यात वाळू पसरली. दुपारी ती ओली करायची, म्हणजे बसले की गारवा थेट पोटाला. पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून सावलीची जाळी ताणली आणि शेंड्याला फट ठेवली. छतावरचे फवारे बंद. त्याऐवजी दुपारी गरज असेल तेव्हा नळीने पोट आणि पाय भिजवायचे, आणि तेही अंधार पडायच्या बरेच आधी. टब काढून टाकला. ओल्या वाळूने तेच काम जास्त स्वच्छ होते, असे मला वाटते; टबाचे समर्थक मला भेटतात, पण त्यांच्या टबात मी डोकावतोच.

पाण्याची पात्रे तीन केली, सावलीत, एकमेकांपासून लांब, म्हणजे एका नराला सगळ्यांवर पहारा देता येत नाही. दिवसातून दोनदा पाणी बदलायचे. इलेक्ट्रोलाइटचे पाणी ठेवायचे असेल तर साध्या पाण्याच्या शेजारी वेगळे ठेवावे. त्याची चव कुणाला आवडली नाही आणि दुसरे पाणीच नसले, तर जनावर पिणेच कमी करते, आणि उपाय उलटतो.

खाण्याच्या वेळाही हलवल्या. चारा पोटात आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी नऊचे खाणे म्हणजे ती उष्णता बरोबर दुपारच्या उन्हात. आता उजाडता उजाडता एकदा आणि संध्याकाळी एकदा. खुराक निम्म्यावर आणला; पाठीच्या कण्यावर हात ठेवून चरबी चाचपली तर कळपातल्या निम्म्या जनावरांना तो तसाही जास्तच होत होता. कुरणात टॉल फेस्क्यू गवत असेल तर ते तपासून घ्यावे. त्यात वाढणाऱ्या एका बुरशीच्या विषाने कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उष्णता बाहेर पडायला आणखी अडते. या कळपात ते गवत नव्हते.

मादी पाचव्या दिवशी नेहमीसारखी चरू लागली, तेव्हा पहाटे तिला उभी ठेवून हातकात्रीने पोटाची झालर काढली. मशीन नाही, पाडणे नाही, दोन बैठकींत थोडे थोडे. पाठीवर सेंटिमीटरभर लोकर राखली. अगदी कातडीपर्यंत कातरले तर अल्पाका उन्हाने भाजतो. इंजेक्शन, वजन, नखे ही बाकीची कामे सकाळी आठच्या आत, आणि दमट लाटेत ती पुढेच ढकलायची.

नर, आणि पुढचे वेत

मादीच्या गडबडीत नराकडे कुणाचे लक्ष नव्हते. डॉक्टरांनी जाता जाता त्याला मागून पाहिले आणि थांबले. अंडकोश सुजून चकाकत होते. खाणेपिणे, चालणे, पाण्यावरची दादागिरी सगळे जागच्या जागी, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. उष्णतेने अंडकोशात पाणी साचणे हे नरांमधले नेहमीचे लक्षण आहे, आणि ते रोज मागून एकदा पाहिले तरच दिसते. त्याला ओल्या वाळूवर आणि पंख्यासमोर जागा मिळाल्यावर सूज आठवड्याभरात ओसरली. पण वीर्य तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, आणि उष्णतेत बिघडलेले वीर्य सूज उतरली म्हणून सुधारत नाही. या काळात मादी दाखवली आणि ती गाभण राहिली नाही, तर दोष मादीच्या माथी जायचा.

मालकिणीच्या मनात दुसरी गाभण मादी व्याल्यानंतर तिला लगेच पुन्हा फळवायचे होते. अल्पाकाची गर्भावस्था साधारण साडेअकरा महिन्यांची. उन्हाळ्यात फळवले तर पुढचे वेत पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि शेवटचे जड महिने पुन्हा याच दमट रात्रींत. नर तसाही दोन महिने कामाचा नव्हता. हवा पालटेपर्यंत फळवणे थांबवायचे ठरले, म्हणजे पुढची पिल्ले गार दिवसांत येतील.

बसलेली मादी महिन्या-दीड महिन्याने व्याली, सकाळीच, अल्पाका बहुधा व्यातात तशी. पिल्लू सात किलोचे. तासाभरात उभे राहिले आणि त्याला चीक मिळाला. पहिले काही दिवस त्याचे वजन रोज केले, कारण उन्हाळ्यात जन्मलेले पिल्लू पुरेसे दूध पीत नसेल तर ते दिसण्याआधी वजनकाट्यावर कळते. दुसऱ्या दिवशी वजन थोडे उतरले, तिसऱ्या दिवसापासून वाढू लागले. शेडमधला थर्मामीटर आता गुडघ्याच्या उंचीवर टांगलेला आहे आणि त्याच्या शेजारी आर्द्रतेचा मीटर. रात्री झोपण्याआधी बेरीज 150 च्या वर असेल तर पंखे रात्रभर चालू ठेवायचे आणि जाळीचे कुरणाकडचे दार उघडे टाकायचे. कुरणाच्या कुंपणालाही तीच जाळी बसवल्यामुळे आता ते जमते.